एका छपराखालच्या दोन खोल्या

इचलकरंजीच्या एका मैत्रिणीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, "मुलाच्या अभ्यासासाठी नवा लॅपटॉप घेतला. दुकानातला मुलगा विचारतो, 'वहिनी, पार्टिशन करून देऊ का? सी, डी, ई असे तीन भाग करतो.' ह्यांना विचारलं, तर म्हणतात, 'त्याला कळतं त्यातलं, करू दे.' मला मात्र समजेना, एका डब्याचे तीन कप्पे करून मिळणार काय? करावं की करू नये, ते तुमच्या सदरातून सांगाल का?"

सांगते ना! एरवी या सदरात आपण डाळीला कीड लागू नये म्हणून काय करावं, रेशमी साड्यांच्या घड्या किती दिवसांनी मोडाव्यात, असलं काहीबाही बोलत असतो. पण आता घरोघरी ही नवी पेटी आली आहे. मुलांचे बाळपणापासूनचे फोटो, घराच्या कागदपत्रांच्या प्रती, ह्यांचे पगाराचे हिशोब, सगळं आपण तिच्यात भरतो आणि झाकण लावून निर्धास्त होतो. मीही झाले होते. त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून आधी ती हकीकत सांगते.

आमच्या घरची गोष्ट

२०१४ च्या दिवाळीत ह्यांनी कॉम्प्युटर घेतला. पाचशे जीबीची हार्ड डिस्क होती आणि दुकानदाराने न विचारताच तिचे सी आणि डी असे दोन भाग करून दिले होते. मी आठवड्यातून तीन दिवस हायस्कूलमध्ये शिकवायला जाते, त्यामुळे प्रश्नपत्रिका, गुणांचे तक्ते यांची त्यात भर पडत गेली.

माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, त्यांच्या आईकडून आणि आजीकडून आलेल्या. शिवाय लोणच्या-मसाल्याचं प्रमाण त्या कधी कागदावर देत नसत. "लिहून काय घेतेस, सांगते ते ऐक," म्हणायच्या. २०१६ च्या उन्हाळ्यात दुपारी त्या सुपारी कातरत बसल्या की मी मोबाइल हळूच शेजारी ठेवायचे. अशी बावीस रेकॉर्डिंग जमली. मधेच भाजीवालीची हाक, मधेच "अगं, दूध उतू गेलं बघ," असंही त्यात होतं. ती सगळी मी कॉम्प्युटरवर घेतली आणि दिसायला सोपी म्हणून डेस्कटॉपवर, म्हणजे पडद्यावरच, ठेवून दिली.

२०१८ मध्ये गणपतीच्या आधी विंडोज बसलं. कॉम्प्युटर सुरूच होईना. वन्संचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता, तो सुट्टीला आला होता. त्याने बघितलं आणि म्हणाला, "मामी, विंडोज पुन्हा घालावं लागेल. सी पुसला जाईल."

मी म्हटलं, "पूस बाबा. माझं सगळं डेस्कटॉपवर आहे, सीत काही नाही."

तो हसायला लागला. "अगं मामी, डेस्कटॉप सीमध्येच असतो!"

नशिबाने त्याने पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून माझ्या सगळ्या फाइली आधी डीमध्ये हलवल्या, मग सी पुसून नवं विंडोज घातलं. डीमधली एक फाइलसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. मला केवढा दिलासा वाटला म्हणून सांगू! त्या दिवसापासून डी म्हणजे माझं लोखंडी कपाट झालं. जे जपायचं ते डीत. मोबाइलची जागा भरली तेव्हा "डीत आहेत की" म्हणून मी ती रेकॉर्डिंग मोबाइलमधून पुसूनही टाकली.

२०१९ च्या मार्गशीर्षात सासूबाई गेल्या.

२०२१ च्या श्रावणात एका दुपारी कॉम्प्युटरमधून टकटक असा आवाज येऊ लागला. घड्याळाच्या काट्यासारखा, एका ठेक्यात. मला वाटलं पंख्यात काही अडकलं असेल. म्हणून दोन-तीनदा बंद करून पुन्हा चालू केला. तिसऱ्या वेळी पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून तपासली आणि सरळ सांगितलं, "मॅडम, डिस्कच गेली." मी म्हटलं, "सी गेला असेल, पण डी आहे ना?" तेव्हा तो जे बोलला ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं आहे. "मॅडम, सी आणि डी या दोन डिस्क नाहीत. डिस्क एकच आहे. ती गेली म्हणजे दोन्ही गेलं."

डिस्क मोठ्या शहरात बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढणाऱ्यांकडे पाठवली. आतल्या तबकडीवर ओरखडे पडल्यामुळे काही निघालं नाही. वन्संना मी त्यातली चार रेकॉर्डिंग पूर्वी मोबाइलवर पाठवली होती, तेवढी त्यांच्याकडे मिळाली. अठरा गेली. कैरीच्या लोणच्याचं प्रमाण त्या अठरांत होतं.

मुळात पार्टिशन म्हणजे काय?

माझ्या माहेरी वाड्याची वाटणी झाली, तेव्हा काकांच्या आणि आमच्या मध्ये माजघरात भिंत घातली. दारं वेगळी, चुली वेगळ्या, कुलपं वेगळी. पण वरचं आढं एकच राहिलं. एका पावसाळ्यात ते मोडलं, तेव्हा पाणी दोन्हीकडे आलं. पावसाने वाटणीपत्र काही वाचलं नाही.

हार्ड डिस्कचं पार्टिशन तसंच. डिस्कच्या सुरुवातीलाच एक छोटा तक्ता असतो. कोणता भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. तो तक्ता वाचून विंडोज आपल्याला सी, डी अशा वेगळ्या खोल्या दाखवतं. पण खाली तबकडी तीच, फिरवणारी मोटर तीच, विजेचा धक्का बसला तर तोही दोघींना एकदमच.

म्हणून फायदाही भिंतीचा असतो तेवढाच. स्वयंपाकघराला रंग द्यायचा तर सामान माजघरात ठेवता येतं. तसं विंडोज बिघडून सी पुसायची वेळ आली तर डीतलं राहतं. पण घरालाच आग लागली तर भिंत काय कामाची? डिस्क बिघडली, लॅपटॉप चोरीला गेला किंवा फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस शिरला, तर सी आणि डी दोन्ही जातात.

मग ही रीत आली कुठून?

आमच्या भाच्याकडून मी हेही समजून घेतलं. घरगुती कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांत हार्ड डिस्क नसायचीच, फ्लॉपी असायची. पहिल्या दोन फ्लॉपींना ए आणि बी ही अक्षरं गेली. १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर १० एमबीची हार्ड डिस्क आली, तिच्या वाट्याला सी आलं. दहा एमबी म्हणजे आजच्या मोबाइलवरचे दोन-तीन फोटो, हं! पुढे डिस्क मोठ्या होत गेल्या, पण त्या काळच्या डॉसला आणि सुरुवातीच्या विंडोज ९५ ला एका भागात २ जीबीपेक्षा जास्त जागा वापरताच येत नसे. डिस्क त्याहून मोठी असली की तिचे भाग करावेच लागत. तेव्हा ती हौस नव्हती, गरज होती.

ती अडचण केव्हाच संपली. आज विंडोज एनटीएफएस नावाची जी मांडणी वापरतं, तिला घरातल्या कुठल्याही डिस्कची सगळी जागा एका भागात सांभाळता येते. पण रीत राहिली. श्राद्धाच्या दिवशी मांजर मधेमधे येतं म्हणून आजेसासूने ते डालग्याखाली झाकलं, आणि पुढे सुना श्राद्ध आलं की शेजारून मांजर मागून आणून डालग्याखाली झाकू लागल्या, ती गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. दुकानातल्या मुलाचं "तीन भाग करतो" हे पुष्कळदा त्यातलंच असतं.

करावं की करू नये?

याला एकच उत्तर नाही. तुमच्या डिस्कचा आकार किती आणि घरात वापर कसा, ते बघा.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. खोक्यावर १ टीबी लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो. दुकानदाराने फसवलं असं समजून भांडायला जाऊ नका. बनवणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्यामुळे ५१२ ची डिस्क साधारण ४७६ आणि २५६ ची साधारण २३८ दिसते. माप वेगळं, माल तेवढाच.

डिस्क २५६ जीबीची असेल तर भाग करू नका. विंडोज ११ ला कमीत कमी ६४ जीबीची डिस्क लागते, पण ते नुसतं उंबऱ्यातून आत येण्यापुरतं झालं. अपडेट, मुलांचे प्रोग्राम, छपाईयंत्राचं सॉफ्टवेअर धरून सीला दीडशे-दोनशे जीबी सहज लागतात. मग डीला उरणार काय?

डिस्क ५१२ जीबीची असेल आणि वापरणारं माणूस एकच असेल, तर नुसते फोल्डर नीट लावले तरी पुरतं. घरात तीन-चार जणांचे हात लागत असतील, मुलं नवे नवे प्रोग्राम घालून विंडोज बिघडवत असतील, तर दोन भाग करा. दोनशे जीबी सीला, बाकीचे डीला.

डिस्क १ टीबी किंवा मोठी असेल तर दोन भाग करायला हरकत नाही. विंडोज एकीकडे, घरचं सगळं दुसरीकडे, असं डोळ्यांना दिसतं आणि प्रती काढताना "सगळा डी घे" एवढं म्हटलं की झालं.

तिसरा भाग मात्र सहसा लागत नाही. विंडोजच्या जोडीला मुलाला लिनक्स घालायचं असेल तर गोष्ट वेगळी, त्याला त्याची वेगळी खोली लागते.

जास्त भागांचा तोटा कोणता, ते मिसळणाच्या डब्याकडे बघा म्हणजे कळेल. मोहरीची वाटी शिगोशीग भरते, सांडते, आणि शेजारची मेथ्यांची वाटी अर्धी रिकामी असते. पण मोहरी तिकडे ओतता येत नाही. तसंच सी भरून लाल होतो, कॉम्प्युटर रडतखडत चालतो, अपडेट अडतात आणि ईमध्ये दोनशे जीबी मोकळे पडलेले असतात. पुष्कळ घरांतल्या संथ कॉम्प्युटरचं दुखणं हेच असतं. म्हणून सीला हात सैल ठेवून जागा द्यावी, आणि त्यातला पाचवा-सहावा हिस्सा नेहमी मोकळा राहील असं बघावं.

पूर्वी वेगासाठीही भाग करत. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर बाहेरच्या कडेचं वाचन जरा भराभर होतं, म्हणून विंडोज तिथे ठेवत. आता बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे भाग केल्याने वेग वाढत नाही. ती बिघडताना पुष्कळदा टकटकसुद्धा करत नाही, एके दिवशी नुसती गप्प होते. हे ध्यानात असू द्या.

आपला डी खरा कुठे आहे?

काही कॉम्प्युटरमध्ये खरोखरच दोन डिस्क असतात, विंडोजसाठी एसएसडी आणि सामानासाठी वेगळी हार्ड डिस्क. ते ओळखायचं असं. खालच्या पट्टीवरच्या स्टार्टच्या चिन्हावर माउसचं उजवं बटण दाबा. यादीत 'डिस्क मॅनेजमेंट' आहे, ते उघडा. खालच्या बाजूला आडव्या पट्ट्या दिसतील. डावीकडे 'डिस्क ०' लिहिलेल्या एकाच पट्टीत सी आणि डी दोन्ही असतील, तर ती नुसती भिंत आहे. डी जर 'डिस्क १'च्या पट्टीत असेल, तर ती दुसरी डिस्क. तीही त्याच पेटीत आहे, पण निदान एकीच्या बिघाडात दुसरी वाचू शकते. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि नुसतं बघून काही बिघडत नाही. मी हे २०१८ मध्येच बघितलं असतं तर!

कृती

लॅपटॉप नवा आणि रिकामा असतानाच हे काम करणं सर्वांत सोपं. भरलेल्यातही करता येतं, पण घाईने करू नका.

पूर्वतयारी. घरच्या सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या आणि चार-दोन फाइली उघडून बघा. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आतून कुलूपबंद असते, त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. त्याची ४८ आकडी किल्ली आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बहुधा साठवलेली असते. ती शोधून वहीत उतरवून ठेवा, कधी मागितली तर धावाधाव होत नाही. कचऱ्याची टोपली, म्हणजे रिसायकल बिन, रिकामी करा. चार्जर लावून ठेवा. साधा कॉम्प्युटर असेल तर दिवे जाण्याची वेळ टाळा.

पहिली पायरी. वर सांगितल्याप्रमाणे 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. सीच्या आजूबाजूला काही बारके भाग दिसतील. एक 'ईएफआय', एखादा 'रिकव्हरी'. ते कॉम्प्युटरचे स्वतःचे कोनाडे आहेत. त्यांना हात लावायचा नाही, मग त्यांवर नाव असो की नसो.

दुसरी पायरी. सीवर उजवं बटण दाबून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. थोडा वेळ तो आत हिशोब करतो. मग किती जागा कमी करायची ते एमबीमध्ये विचारतो. एक जीबी म्हणजे १०२४ एमबी. डीला २०० जीबी हवे असतील तर २०४८०० लिहा. लक्षात घ्या, हा आकडा सीतून काढायच्या जागेचा आहे, सीला ठेवायच्या जागेचा नाही. तिथेच पुष्कळ जणी चुकतात.

कधी कधी सी निम्मा रिकामा असूनही तो थोडीच जागा द्यायला तयार होतो. विंडोजच्या काही फाइली मधेच ठाण मांडून बसलेल्या असतात आणि चालू असताना त्या हलत नाहीत. अशा वेळी हट्ट करू नका. देईल तेवढी घ्या, नाहीतर जाणत्या माणसाला दाखवा.

तिसरी पायरी. आता सीच्या उजवीकडे काळ्या रंगाची 'अनअलोकेटेड' जागा दिसेल. तिच्यावर उजवं बटण दाबून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडा. 'नेक्स्ट' म्हणत जा, अक्षर डी येऊ द्या, मांडणी एनटीएफएस ठेवा, आणि नाव विचारील तिथे 'घर' असं काही स्पष्ट नाव द्या. 'फिनिश' केलं की झाली खोली तयार.

चौथी पायरी. भिंत घालून सामान हलवलं नाही तर काय उपयोग? डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळे मुळात सीमध्ये असतात. डीमध्ये प्रत्येकाच्या नावाचा फोल्डर करा आणि सामान तिकडे न्या. आमच्याकडे आता 'शाळा', 'फोटो', 'कागदपत्रे' आणि 'आई' असे चार फोल्डर आहेत.

हे टाळा

'डिलीट व्हॉल्यूम' आणि 'फॉरमॅट' हे दोन शब्द दिसले की हात मागे घ्या. दोन्हींनी त्या भागातलं सगळं जातं.

दोन भाग पुन्हा एक करायचे असले, तर डीतलं सामान आधी बाहेर काढून मगच डी पुसावा लागतो. नंतर सीवर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करता येतं, पण मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे असेल तरच. मध्ये दुसरा भाग आला तर विंडोज ते करू देत नाही. म्हणून आधीच विचार करून आकडा ठरवा.

दुरुस्तीवाला विंडोज नव्याने घालणार असेल तर शेजारी उभ्या राहा. त्या वेळी पडद्यावर सी, डी अशी अक्षरं नसतात, 'पार्टिशन ३', 'पार्टिशन ४' असं लिहिलेलं असतं. चुकीच्या ओळीवर बोट पडलं की घरचा भाग पुसला जातो. प्रत्येक भाग किती जीबीचा आहे ते आधी कागदावर लिहून ठेवलं तर ओळखता येतो. आणि विंडोजमध्ये 'रिसेट धिस पीसी' अशी सोय आहे. त्यात आपल्या फाइली ठेवून फक्त विंडोज नवं करता येतं. ते आधी करून बघा म्हणावं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे घरोघरी नवं विंडोज घालण्याचं काम निघालं आहे. तुमच्याकडेही निघालं असेल तर आधी प्रत, मग पार्टिशन, मग विंडोज, हा क्रम सोडू नका.

आणि डिस्कमधून टकटक आवाज आला तर माझ्यासारखं पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. ताबडतोब बंद करा आणि जाणत्याकडे न्या. चालू ठेवलं की आतले ओरखडे वाढतात.

दुसरं घर हवंच

इतकं सगळं केलं तरी जपायचं काम अर्धंच झालं. एक साधा नियम आहे, तीन-दोन-एक. प्रत्येक मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यांतली एक घराबाहेर. सी आणि डीतल्या दोन प्रती या हिशोबात एकच धरायच्या.

आमची पद्धत सांगते. पहिली प्रत कॉम्प्युटरच्या डीत. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ही काम झालं की वायर काढून कपाटात ठेवते. लावून ठेवली तर विजेचा धक्का आणि व्हायरस तिच्यापर्यंतही पोचतो. तिसरी, अगदी मोलाचं तेवढं, गूगलच्या खात्यात. तिथे १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यातच ईमेल आणि फोटोही येतात, म्हणून सगळं कोंबू नये. ज्यांना इंटरनेटवर ठेवायचं नसेल त्यांनी एक पेनड्राइव्ह बहिणीकडे किंवा नणंदेकडे ठेवावा. आपल्याकडे सणावारी जाणं-येणं असतंच, तेव्हा बदलून आणता येतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे दळण टाकायचं असतं. गिरणीतून पीठ येईपर्यंत मी प्रत काढून घेते. आणि लोणचं मुरलं की नाही ते जसं बरणी उघडून बघतो, तशा प्रतीतल्या दोन-तीन फाइली उघडून बघते. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये. ३१ मार्चला जगभर बॅकअप दिवस पाळतात म्हणे. आपल्याकडे तो हिशोब मिटवायचा दिवस आहेच, हाही हिशोब त्यात धरावा.

तर इचलकरंजीच्या मैत्रिणी, तुम्हाला उत्तर असं. लॅपटॉपची डिस्क ५१२ किंवा त्याहून मोठी असेल तर दुकानातल्या मुलाला सांगा, "दोनच भाग कर, सीला दोनशे जीबी ठेव, तिसरा नको." २५६ ची असेल तर "राहू दे" म्हणा. आणि ह्यांना सांगा की त्याच फेरीत एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यायची आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर पार्टिशनवर एक रुपया न घालवता ती डिस्क घ्या.

वन्संकडून आलेली ती चार रेकॉर्डिंग आता तीन ठिकाणी आहेत. त्यातल्या एकात ओवी म्हणता म्हणता सासूबाई थांबतात आणि म्हणतात, "पुढची आठवेना, उद्या सांगते." दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सांगितली होती. ते रेकॉर्डिंग अठरांत होतं. आमची धाकटी अधूनमधून विचारते, "आई, पुढची कुठली होती गं?" मला चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.

तुमच्या घरी असं कुणाचं काही एकाच जागी असेल, तर येत्या रविवारची वाट बघू नका. आजच दुपारी, मागचं आवरून झालं की बसा.